शिडाला टक्स

राजेशम यन्नम आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे.
मिल बंद पडली तेव्हा जॉबर,
पुढं वीस वर्षं दुसऱ्याच्या लूमवर टॉवेल.
साठी उलटल्यावर एक दिवस माझ्या मशीनपाशी उभे राहिले,
हातात घड्यांवर फाटलेला नकाशा.
"ब्लाउज शिवतीस की नाही? मग शीड शिव."

मी शाळेचे गणवेश शिवते. बाही, कॉलर, बाही, कॉलर.
समुद्र पाहिलेला नाही.
मला वाटलं, काठीला चादर बांधली की झालं शीड.
"सपाट कापड वारा धरत नाही," ते म्हणाले,
"त्याला पोट लागतं.
पट्ट्यांच्या कडा किंचित फुगीर कापायच्या,
शिवण घेतली की पोट आपोआप येतं."
एवढंच होय!
हे तर आमचं कटोरीचं कटिंग.

कापड रेनकोटचं, उरलेलं,
अर्धं निळं, अर्धं मरून.

दुपारी लाइट गेली की ते होडीचं घराणं सांगत बसायचे.
मोठ्या जहाजामागं दोरीनं बांधलेलं पोर ते,
काठावर माणसं सोडायचं, कोंबड्या, पाणी, पत्रं.
साहेबानं नावसुद्धा इकडूनच उचललं, डिंगी,
बंगालच्या नद्यांवरचं.
गलबतातून गेलं
आणि फूट-इंचांच्या नकाशावर बसून
भद्रावती पेठेत परत आलं.
मधल्या काळात कुणीतरी
खोक्यांच्या गाड्या पळवणाऱ्या पोरांसाठी
नाक छाटलेली होडी बसवली, अंघोळीच्या टबासारखी.
कुणी प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेनं टाचल्या,
सांध्यावर पट्टी, वर डिंक,
सुतार नको, शेड नको, स्वयंपाकघर पुरे.
"शिवलेली होडी," ते म्हणायचे
आणि माझ्याकडं असं बघायचे
जणू मीच ती शोधून काढली.

गळते का बघायला होडी गल्लीत मांडली
आणि पाण्यानं भरली.
पाच दिवसांआड नळ येतो आमच्याकडं.
बाया बघत राहिल्या, मग कुजबुजल्या,
मग महापालिकेचा माणूस आला, बॅटरी घेऊन, अळ्या शोधत.
"काय आहे हे?"
"डिंगी."
त्यानं वहीत लिहिलं, डेंगी.
खाली सही मागितली.
यन्नम पोट धरून हसले, पहिल्यांदाच,
आणि पाणी कुठून झिरपतं तिथं खडूनं फुल्या मारल्या.
पाणी वाया नाही गेलं.
घागरी लागल्या रांगेत,
त्या दिवशी सगळ्या गल्लीनं होडीतल्या पाण्यात धुणं धुतलं.

हिप्परग्याच्या तलावाला टेम्पोनं गेलो, मार्गशीर्षात.
पाणी मागं हटलेलं. गुडघाभर गाळातून ढकलली.
पहिल्यांदा ती खेकड्यासारखी आडवीच चालली,
काठावरची म्हशीवाली पोरं "बे, उलटी हाय का!" म्हणून ओरडली.
मग त्यांना आठवलं, मधली फळी खाली सोडायची राहिली.
सोडली.
होडी एकदम शहाणी झाली.

वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही,
तिरकं जायचं, वळायचं, पुन्हा तिरकं.
हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.
उजवा हात आपोआप तसा हलत होता,
इकडून तिकडं, तिकडून इकडं,
समोर ताणा असल्यासारखा.

तिसऱ्या फेरीला मला बसवलं.
मी पदर खोचला, कड घट्ट धरली.
ते काहीतरी दाखवत होते, बगळे असतील,
लांबवर पुलावरची एसटी असेल.
मी वर बघत होते.
शीड भरलं होतं, निळं आणि मरून,
पोट अगदी जिथं हवं तिथं,
फक्त तिसऱ्या टक्सपाशी एक चुणी फडफडत होती.
धागा ओढला गेला होता तिथं.
उतरल्यावर उसवून
पुन्हा घालावा लागणार होता.